जिची पाटी, तिचा हात

सोनूबाईनं रिकामी पाटी अंगणाच्या मधोमध आणून ठेवली आणि घरातली माणसं तिच्याभोवती गोल करून बसली. दुपार कलली होती. बोटी लागून गेल्या होत्या, मासळीचा वाटा घरी आला होता, आणि पलीकडे मासळी सुकवायच्या वलांडीच्या दोरांवर जोडीजोडीनं टांगलेले बोंबील वाऱ्यावर हलत होते. थळच्या कोळीवाड्यात त्या वेळी सगळे जरा लवंडतात. पण आज या घरात कुणी लवंडणार नव्हतं.

"मी इचारीपर्यंत कोनी तोंड उघडायचं न्हाय," सोनूबाईनं बजावलं.

त्यावर चौघं एकदम बोलली. थोरला मुलगा काळूराम म्हणाला, हा सगळा खुळ्यांचा बाजार आहे. धाकटा शिवदास म्हणाला, होऊन जाऊ दे एकदाचं. किहीमहून सकाळीच येऊन थडकलेली त्यांची बहीण ठमाबाई म्हणाली, मी बाई काही बोलणार नाही, मी आपली पाहुणी. आणि जिच्यासाठी हे सगळं मांडलं होतं ती थोरली सून केसर म्हणाली, "पाटी रिकामी का हाय?"

तुळशी तेवढी गप्प होती. ती शिवदासची बायको, घरातली धाकटी सून, म्हणून पाटी भरायचं काम तिच्याकडे आलं होतं. थोड्याच वेळात या पाटीवर तिच्या जन्माचा निकाल लागणार होता आणि ती भरायचीही तिनंच. देवाला काही वेळा गंमत करायची लहर येते, पण ती त्यानं दुसऱ्या कुणाची करावी असं तुळशीला वाटलं.

त्याचं असं होतं, की या घराची अलिबागच्या मासळीबाजारात एक जागा होती. दारातून शिरलं की उजव्या हाताची तिसरी. तिथं ऊन येत नाही, गिऱ्हाईक चुकत नाही. त्या जागेला एकच कायदा होता आणि तो सरकारी कायद्यांपेक्षा जुना होता. भरलेली पाटी जमिनीवरून उचलून, कुणाचा हात न लागता, जी बाई स्वतःच्या डोक्यावर चढवील ती तिथं बसेल. जिची पाटी, तिचा हात. सोनूबाई तीस वर्षं बसली. मग ज्या वर्षी इंग्रज गेले त्याच वर्षी एका सकाळी तिची पाटी छातीपर्यंत आली आणि पुढे जाईना. तिनं दुसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. पाटी खाली ठेवली, केसरला हाक मारली आणि हातातले गोट काढून पेटीत टाकले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं लोक म्हणतात. या सोनूबाईचे गोट अस्सल सोन्याचे होते. पण जागा गेलेल्या बाईनं हात मिरवायचा कुणापुढं, असं तिचं म्हणणं.

केसर त्या जागेवर दहा पावसाळे बसली. मग गेल्या दसऱ्याच्या आधी तिच्या उजव्या छातीत गाठ निघाली. तिनं ती महिनाभर कुणाला सांगितली नाही. पाटीच्या ओझ्यानं शीर धरली असेल म्हणाली. सांगितली तेव्हा काळूरामनं तिला रेवसच्या लाँचीत बसवून मुंबईला नेलं. इस्पितळात डॉक्टरांनी कॅन्सर असा शब्द उच्चारला, आणि छाती उजव्या बाजूनं सगळी काढली, काखेतल्या मांसासकट. दिवाळी उलटल्यावर केसर परत आली ती हात अंगाला शिवून टाकल्यासारखा धरून. तिला स्वतःचा अंबाडाही घालता येत नव्हता.

कोळीवाडा भेटायला आला, बायका पदर तोंडाला लावून बसल्या, तेव्हा केसरच म्हणाली, "रडता काय गो? ताजव्याचं एक पारडं काढून घेतलं मेल्यांनी. आता मी मापात मारीन कशी, ती काळजी करा." बायका रडता रडता हसल्या. काळूराम उठून बोटीमागं गेला आणि बराच वेळ आला नाही. परत आल्यावर म्हणाला, डोळ्यात खवला गेला होता. तीस वर्षं मासळीत वावरलेल्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांत एकदम खवले जातात, हे सगळ्यांनी निमूट मान्य केलं.

त्या दिवसापासून तिसऱ्या जागेवर तुळशी बसत होती.

तिला वाटलं होतं, चार दिवसांचं काम आहे. पण बाजारात बसल्यावर तुळशीला आपल्याला आवाज आहे असा शोध लागला. या घरात लग्न होऊन सात वर्षं झाली, तरी तिला सुरू केलेलं वाक्य पुरं करू दिलं गेलं नव्हतं. सासू मध्ये तोडायची, जाऊ तोडायची, नवरा तर ऐकायचाच नाही. बाजारात मात्र ती वाक्य पुरं करायची आणि वर आणखी एक बोलायची. कोर्टातले कारकून तिला "तुळशीबाई" म्हणायचे. शेजारच्या जागेवरची आवडाबाई, जिच्या तोंडाला सगळा बाजार टरकून असायचा, तीसुद्धा एक दिवस म्हणाली, "तुजी जीभ कुठं ठेवली हुती गो इतकी वर्सं?" त्या रात्री तुळशीला आनंदानं झोप लागली नव्हती. आता पुन्हा वलांडीखाली उभं राहून दिवसभर बोंबलांशी बोलायचं, हे तिला नको होतं.

आणि केसरचा हात वर चढवायचं कामही तिच्याचकडे आलं होतं.

इस्पितळातल्या नर्सबाईनं केसरला निघताना दम दिला होता, की हात धरून बसलात तर हात कायमचा बसेल. तीन गोष्टी तिनं कागदावर लिहून दिल्या होत्या. बोटं भिंतीवरून खेकड्यासारखी चढवत हात वर न्यायचा. हात मानेमागं नेऊन अंबाड्याला लावायचा. आणि श्वास: नाकानं पोटभर घ्यायचा, चार अंक धरायचा, ओठ आवळून हळूहळू सोडायचा, म्हणजे छाती आखडत नाही.

भिंतीचं काम चार दिवस चाललं. कुडाची भिंत, शेणामातीचं लिंपण. पाचव्या दिवशी केसरची बोटं आतल्या कारवीच्या काठ्यांना लागली. सोनूबाई म्हणाली, "बाय, हात बरा होस्तवर घर बी ऱ्हायला पायजे." तेव्हा तुळशीनं वलांडी सुचवली. दोर एकावर एक बांधलेले. खालचा कमरेला, वरचा हात ताणून टाचा उचलल्या तरच लागणारा. केसरनं बोटं चढवायची आणि जिथवर पोचतील तिथं बोंबील अडकवायचा. पहिल्या दिवशी खालच्या दोराला एक बोंबील लागला आणि केसरच्या डोळ्यांतून पाणी काढून गेला. तुळशी रोज सकाळी बाजाराला जायच्या आधी आणि संध्याकाळी परत आल्यावर तिच्यापुढं उभी राहून मोजायची.

श्वासाची कथा निराळीच. सोनूबाईनं दोन दिवस तो प्रकार पाहिला. एवढा वारा रोज फुकट बाहेर जातो हे तिला बघवेना. तिसऱ्या दिवशी तिनं केसरच्या हातात फुंकणी दिली आणि तिला चुलीसमोर बसवलं. चूल अशी धडाडली, की भात वेळेच्या आधी शिजला. आठवड्याभरात शेजारणी दाराशी यायला लागल्या, "केसरबाय, आमची लाकडं ओली हायत गो, आमच्याकडं बी जरा श्वास घ्यायला ये ना." केसर रोज सकाळी चार घरच्या चुली फुंकून यायची आणि प्रत्येक घरी चहा प्यायची. नर्सबाईला हे कुणी कळवलं नाही, ते बरंच झालं.

असे साडेतीन महिने गेले. आता माघ संपत आला होता, आणि परवा केसरनं जेवताना सांगून टाकलं होतं की, सोमवारपासून मी बाजारात बसणार. त्यावरून घरात जे पेटलं त्याला फुंकणी लागली नाही. म्हणून आजची बैठक.

"दादाला इचार ना, आये," शिवदास म्हणाला. "वयनीची विच्छा हाय तर दादा का आडवा येतो?"

शिवदासला वहिनीचा एवढा कळवळा यायला कारण होतं. तुळशी बाजारात जायला लागल्यापासून तो तीन महिने सकाळी स्वतःचा चहा स्वतः करत होता आणि तो स्वतःच पीत होता, ही त्यातली वाईट गोष्ट.

"मी आडवाच येनार," काळूराम म्हणाला. "मना बायको पायजे. पाटी नको. बसली ती तुळशी बसू दे तिथं."

म्हणजे केसरचा नवरा तुळशीच्या बाजूनं होता आणि तुळशीचा नवरा केसरच्या. दोन्ही जावांनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनीही लगेच दुसरीकडे पाहिलं.

"मी बोलू का?" ठमाबाईनं विचारलं.

"तू पाहुनी हायस ना?" सोनूबाई म्हणाली.

"पाहुनी म्हनूनच बोलते. केसरला आता सोसत न्हाय, ते दिसतंच हाय. तुळशी अजून कच्ची. माझं काय, मी आपली किहीमहून रोज चालत येईन. घरची लेक. दोन सुनांत तंटा नको म्हनून मी बसते, बाकी मना काय त्या जागेची हौस न्हाय."

ताकाला जाऊन भांडं लपवायची ठमाबाईला सवयच होती. पण यावेळी भांडं चांगलंच मोठं होतं. सोनूबाईचा लेकीवर जीव होता. केसरचा हात चढला नाही, तर जागा कुणाची हे सोनूबाई नव्यानं ठरवणार, आणि मग तुळशीकडेच येईल याची खात्री कुणी द्यावी?

"आनि दुसरं," ठमाबाई पुढं म्हणाली, "तो इस्पितळाचा कागद आना बघू. खरंच हात बरा झालाय का नुसती ओढाताण केलीय, ते कळू दे."

काळूराम चौथी शिकलेला. त्यानं कनवटीचा कागद काढून उलगडला आणि एकेक अक्षर लावत वाचलं, "हात वर नेणे, दहा वेळा. सकाळी आणि संध्याकाळी."

"तुळशे," ठमाबाई म्हणाली, "दाव कशी मोजतेस."

तुळशीनं पदर खोचला. आपलं काही चुकलेलं नाही याची तिला खात्री होती, म्हणून ती मोकळ्या आवाजात मोजायला लागली. "वर... खाली... वर... खाली, एक. वर... खाली... वर... खाली, दोन."

काळूरामची बोटं कागदावरच थांबली. "हे काय?"

"मोजते."

"दोनदा वर गेला ना हात?"

"मग? जोडी." तुळशीला तो का विचारतो तेच कळेना. बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीनं टांगायचे, जोडीनं मोजायचे. दहा म्हणजे दहा जोड्या. लहानपणापासून वलांडीखाली ती तसंच मोजत आली होती; एकटा बोंबील दोरावर राहतच नाही, त्याला मोजणार काय? "एकाला एक म्हनून कोन मोजतं?"

"सगळी दुनिया मोजते!" काळूराम ओरडला. "दहाचे वीस केलेस! सकाळी वीस, संध्याकाळी वीस! साडेतीन महिने माझ्या बायकोला दुप्पट राबवलीस!"

"चुकून कसं होईल ते," ठमाबाई हळूच म्हणाली. "जागा सुटू नये म्हनून हात मोडला तर बरा, असं वाटलं असंल एकादीला."

तुळशी हे खोटं ऐकून रागावली असती, तर बरं झालं असतं. पण ठमाबाईनं चुकीच्या दारावर थाप मारली होती आणि आत नेमका चोर बसलेला होता.

"दुप्पट झालं ते मना खरंच ठाव न्हवतं," ती म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. "पन... पौषात एक दिस मी दोन खाल्ले. आठ झाले आनि मी दहा म्हटलं. त्या आदल्या दिशी आवडाबाई माझ्याशी चांगलं बोलली हुती बाजारात. मना वाटलं, दोन कमी केले तर काय बिघडतंय, दोन दिस उशिरा हात चढंल. ते मी मुद्दाम केलं."

एवढं बोलून ती रडायलाच लागली. शिवदासनं आपल्या बायकोकडे प्रथमच पाहत असल्यासारखं पाहिलं.

आणि केसर हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग तिनं डावा हात छातीच्या सपाट बाजूवर दाबून धरला, कारण हसताना तिथं अजून ओढ बसायची. "ते मना ठाव हाय गो! मी काय बहिरी हाय? तू दहा म्हटलंस आनि बाजाराला गेलीस, मग मी दोन उरकले. दोन कशाला, चार! जोडीनं!"

"म्हंजे तुना बी दहाचे वीस हे ठाव न्हवतं?" काळूरामनं विचारलं.

"मी कोन, सायबाची लेक? मी बी वलांडीखालीच वाढले."

काळूराम कागद हातात धरून उभा राहिला. एवढ्या बायकांपुढं एकट्या कागदाचं काही चालणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. तो केसरच्या जवळ गेला आणि आवाज उतरवून म्हणाला, "केसर, त्या इस्पितळात नऊ दिस मी बाहेरच्या बाकड्यावर बसलोय. मना पुन्ना बसवू नको."

केसरचं हसू थांबलं. "बसवनार न्हाय," ती म्हणाली. "पन मना बी तू घरात बसवू नको. चार म्हयने झाले, मी उठले का तू धरतोस, पानी प्याले का तू बघतोस. मी गाठोडं हाय का रं? गाठ काढली ना माझी? मग आता तू बी सोड."

काळूराम पुन्हा खाली बसला आणि त्यानं हरणाऱ्या माणसाचा शेवटचा उपाय केला. "मग पाटी पुरी भरायची. तळापासून काठापर्यंत. बाजारात कोन हलकी पाटी देनार न्हाय तिला."

"सुकट भरा," शिवदास म्हणाला. "सुकट बी मासळीच हाय."

नवरा बायकोसाठी जड पाटी मागत होता आणि दीर हलकी. सोनूबाईनं दोघांना हातानंच गप्प केलं. "तुळशी काल न्हेली तेवढी. जास्त न्हाय, कमी न्हाय. भर गो."

तुळशी डोळे पुसत पाटीशी बसली. कालच्या पाटीचं वजन तिच्या मानेला पाठ होतं. खाली बोंबील, मग मांदेली, वर पापलेटं, कडेला दोन सुरमया. पाटी बरोब्बर भरली. मग तिच्या हातानं तिला न विचारता तिसरी सुरमय आत ठेवली. तिनं ती काढली. पुन्हा ठेवली. शेरभर वजन, कुणाला दिसणारही नाही. तिनं पुन्हा काढली.

"ती सुरमय जिती हाय का गो?" सोनूबाई म्हणाली. "सारकी बाहेर येते ती?"

तुळशीनं तिसरी सुरमय लांब सरकवून दिली आणि ती उठून उभी राहिली.

केसर पुढं आली. तिनं कासोटा घट्ट केला, डोक्यावर चुंबळ ठेवली, पाटीच्या दोन्ही कडा धरल्या. पाटी गुडघ्यापर्यंत आली. मांडीवर टेकली, तिथून छातीशी आली. इथवर कुणालाच शंका नव्हती. मग खांदा. डावा हात सहज चढत होता. उजवा त्याच्या मागोमाग, जरासा तिरका. पाटी हनुवटीपर्यंत आली, नाकापर्यंत आली, आणि कानाच्या उंचीला उजवं कोपर थांबलं.

तिथंच थांबलं. पाटी थरथरायला लागली. एक मांदेली काठावरून खाली पडली. केसरचा चेहरा लाल झाला होता, डोळे मिटलेले होते, आणि तिनं श्वास कोंडून धरला होता. काळूराम अर्धवट उठला; सोनूबाईनं त्याचं धोतर धरून त्याला खाली ओढलं.

तुळशीला दिसत होतं काय चुकतंय ते. घरात दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं. नर्सबाई असती तर तिला दिसलं असतं. श्वास कोंडला की हा हात कानापाशीच अडतो. साडेतीन महिने तिनं ते रोज पाहिलं होतं. आता फक्त गप्प राहायचं होतं. काही करायचं नव्हतं, खोटं बोलायचं नव्हतं, सुरमय घालायची नव्हती. नुसतं गप्प. सात वर्षं या घरात तिनं दुसरं काय केलं होतं?

"नाकानं घे!" तुळशी ओरडली. बाजारातला आवाज होता तो, समोरच्या भिंतीवर आपटून परत यायचा तसला. "घे, पोटभर घे! धर! एक, दोन, तीन, चार, आता सोड, हळू, फुंकणीत सोड... हळू गो, चूल इझंल... हां, वर! वर! वर!"

केसरचे ओठ आवळले, श्वास सुटत गेला, आणि श्वासाबरोबर कोपर सरळ होत गेलं. पाटी तिच्या डोक्यावरून एकदा डुलली आणि चुंबळीवर बसली.

शिवदासनं शिट्टी घातली. काळूरामच्या दोन्ही डोळ्यांत पुन्हा खवले गेले, आणि यावेळी तो ते लपवायला कुठं गेला नाही.

"हे चालनार न्हाय!" ठमाबाई उठली. "तिनं मदत केली! कायदा काय हाय आपला? दुसऱ्याचा हात लागायचा न्हाय!"

"हात कुटं लागला?" सोनूबाई म्हणाली. "तोंड चाललं. कायदा हाताचा हाय, तोंडाचा न्हाय. तोंडाचा असता तर तुना मी सकाळीच किहीमला लावून दिली असती. जागा केसरची."

झालं. तुळशीची जागा गेली, आणि ती तिनं आपल्याच तोंडानं घालवली होती. तिला आनंद झाला होता, अगदी खरा, पोटातून आलेला. आणि त्याच वेळी रडूही येत होतं. सोमवारी सकाळी कोर्टातला कारकून येईल आणि तुळशीबाई कुठं गेल्या म्हणून विचारील. का विचारणारही नाही. तिनं खाली पडलेली मांदेली उचलली, पदरानं पुसली, आणि ती हातात घेऊन उगाचच उभी राहिली.

"आये," पाटीखालून केसर म्हणाली, "एक इचारू? चढवली तर मी. आता उतरवू कशी?"

"जशी चढवली तशी."

"त्याचा सराव न्हाय झाला. नर्सबाईनं हात वर न्यायचंच लिवलंय. खाली आनायचं कागदावर हाय का, बघा बरं."

काळूरामनं कागद पुन्हा उलगडून खालपासून वरपर्यंत पाहिला. खाली आणायचं खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं.

"उतरवताना ताकद न्हाय लागत, हिशेब लागतो," केसर गंभीरपणे म्हणाली. "मना तो जमत न्हाय. बाजारात पोचले आनि पाटी सुटली, तर पापलेटं गटारात. कोनतरी रोज बरोबर पायजे उतरवाया. आनि मग परत येस्तवर थांबायला पायजे तिनं तितं. बाजार उठंस्तवर."

"मी येते ना!" ठमाबाई म्हणाली.

"तुना माझा श्वास ठाव हाय का?" केसरनं विचारलं. "हिला ठाव हाय."

तुळशीनं मान वर केली. काल तिन्हीसांजेला विहिरीवर तिनंच भरलेला हंडा केसरच्या डोक्यावर चढवून दिला होता, आणि घरी आल्यावर केसरनं तो एकटीनं दोन्ही हातांनी ओट्यावर उतरवला होता. पाण्याचा एक थेंब सांडला नव्हता. त्या हंड्यापुढं ही पाटी म्हणजे काहीच नव्हे. केसर उघड्या दुपारी, भरल्या घरात, डोक्यावर पाटी घेऊन चक्क खोटं बोलत होती. आणि पाटीखालून तिचे डोळे तुळशीकडे लागले होते. लवकर बोल गो, मान दुखतेय, असं ते म्हणत होते.

"व्हय," तुळशी म्हणाली. "तिला उतरवाया न्हाय जमत. मी बघितलंय."

आता फक्त सोनूबाई उरली. काल तो हंडा ओट्यावर टेकला, तेव्हा ती त्याच ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तुळशीला हे आत्ता आठवलं. सोनूबाई उभ्या जन्मात कुणासाठी खोटं बोलली नव्हती. गिऱ्हाइकाशी बोलली असेल, पण ते कुणी धरत नाही.

म्हातारीनं थोरल्या सुनेकडे पाहिलं. धाकटीकडे पाहिलं. मग तिनं नाक शिंकरून पदराला पुसलं.

"न्हायच जमत तिला," ती म्हणाली. "काल हंडा फोडत हुती मेली. मी धरला म्हनून वाचला."

ठमाबाई आत चहा ठेवायला निघून गेली. तुळशी पुढं झाली आणि तिनं पाटीच्या कडा धरल्या. दोघींची तोंडं इतकी जवळ आली, की केसरच्या कपाळावरचा घाम तिला दिसत होता.

"जागा एका बाईची हाय," केसर ओठ न हलवता कुजबुजली. "मी पुढं बसनार. तू जरा मागं, बाजूला."

"मागून माझा आवाज कसा पोचंल?"

"बरं, शेजारी बस. पापलेटं मी इकीन. तू बोंबील इक."

"पापलेटं मी," तुळशी म्हणाली. "माझी गिऱ्हाईकं हायत ती. कोर्टातली."

"चार म्हयन्यांत तुजी झाली? मी दहा पावसाळे तोंड झिजवलं त्यांच्यापायी."

"तुना जास्त बोलून दम लागंल. डॉक्टर काय म्हनाला?"

"डॉक्टरला मदी घेऊ नको!" केसर जोरात म्हणाली.

काळूराम घाबरून उठला. "काय झालं? उतरत न्हाय का?"

"लांब ऱ्हा!" दोघी एकदम ओरडल्या. पाटी दोघींच्या चार हातांत मध्येच लोंबकळत राहिली, आणि पापलेटांचं ठरेपर्यंत त्यांनी ती खाली ठेवली नाही.